चौदावा दिवस माझा नव्हताच

बाळासाठी सात महिने आम्ही पाळीच्या बाराव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत मनापासून प्रयत्न केले, आणि सोळाव्या दिवसापासून नुसती वाट पाहिली. फोनमधल्या ॲपने चौदाव्या दिवसाभोवती गोल काढून दिला होता, मी तो तसाच मानला. पाळी आली की दार लावून रडायचे. आपल्या शरीरातच काहीतरी खोट आहे, असं वाटायचं.

आठव्या महिन्यात डायरीतून पाळीच्या जुन्या तारखा काढून त्यांमधली अंतरं एकाखाली एक लिहिली. ३३ दिवस, ३६, ३४, ३३, ३८, ३५. अठ्ठावीस एकदाही नाही! चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं हा अठ्ठावीस दिवसांच्या चक्राचा हिशोब, आणि तिथेही तो सरासरीच. पाळीनंतर बीज पिकायला लागणारा काळ लांबतो, आखडतो. ताण, आजारपण, जागरण यांनीही पुढे-मागे होतो. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ मात्र त्यामानाने स्थिर असतो, बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा. म्हणजे मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हेच दाखवून दिलं होतं. मला ते कळायला सात महिने लागले, याचं अजून वाईट वाटतं.

३४ दिवसांच्या चक्रात १३ मागे गेलं की येतो एकविसावा दिवस. शुक्राणू शरीरात फार तर पाच दिवस टिकतात, स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास. पंधराव्या दिवसाचा आमचा शेवटचा प्रयत्न विसाव्या दिवशी संपत होता.

पण पुढची पाळी कधी येणार, हे आधी कुठे माहीत असतं? म्हणून मी तापमान घ्यायला लागले. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर उशाशी, डोळे उघडल्यावर अंथरुणातून उठण्याआधी तोंडात. मी आकडा पुटपुटायचे, नवरा अर्धवट झोपेत वहीत लिहायचा. बाविसाव्या दिवशी ३६.३८ वरून ३६.६९ झालं आणि पुढे तसंच वर राहिलं. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री आम्ही 'प्रयत्न' केला. तेव्हा उशीर झालेला होता. तापमान चढतं ते बीज बाहेर पडल्यावर तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे. बीज येऊन गेलं, एवढंच ते सांगतं. तरी त्या वहीचा उपयोग झालाच: तीन महिन्यांच्या नोंदींवरून माझा नंतरचा काळ १३ दिवसांचा आहे, हे पक्कं कळलं.

बीज येण्याआधीची खूण अंगावरच्या पांढऱ्याची. एरवी चिकट किंवा दाट असणारा स्राव त्या दिवसांत पाण्यासारखा निसरडा होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा दोन बोटांत ताणला जातो. हे आईने सांगितलं नाही, शाळेत शिकवलं नाही. उलट 'पांढरं जातंय' म्हणजे आजारच, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. वास, खाज नसेल तर घाबरू नका, नीट बघा.

ओव्ह्युलेशन किट, म्हणजे घरी तपासायची पट्टी, लघवीतलं एलएच हे हार्मोन पकडते. ते उसळायला लागल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. दुसरी रेघ नुसती दिसून चालत नाही, ती पट्टीवरच्या कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेच्या, रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. मी पहाटेची पहिली लघवी वापरून दोन महिने गोंधळले. दुपारी, आधीचे दोन-तीन तास पाणी कमी पिऊन तपासल्यावर रेघ स्पष्ट यायला लागली. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) असेल तर मात्र एलएच तसंच वर राहू शकतं आणि पट्टी फसवते. अशा वेळी सोनोग्राफीवर फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढताना पाहणं जास्त खात्रीचं. माझंही डॉक्टरांनी एकदा पाहिलं. अठराव्या दिवशी १९ मिलिमीटर. पडद्यावरचं ते काळं वर्तुळ बघून मी त्यांचा हातच धरला.

पाळ्या फार अनियमित असतील तर थांबूच नका. एरवी पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासून घ्या. दोघांनीही, हे मुद्दाम लिहितेय.

आता आम्ही चौदाव्या दिवसापासून तेविसाव्यापर्यंत एक दिवसाआड जवळ येतो. 'आजच हवं' हे दडपण गेलं, आणि त्या सात महिन्यांत आटलेलं बोलणं परत आलं.

आज अठरावा दिवस. दुपारची रेघ अजून फिकट आहे. उद्या पुन्हा बघेन.