तुम्ही विचारलंत म्हणून: दोघींतली माझी फेड्रा कोणती?

ग्रीक नाटककार युरिपिडीजची फेड्रा आणि फ्रेंच नाटककार रासीनची फेड्रा शेजारीशेजारी ठेवून मी बरीच वर्षं शिकवते आहे. तास संपला की कुणीतरी मागे थांबतं आणि विचारतं, "मॅडम, या दोघींतली तुमची कोणती?" घाईत मी एवढंच म्हणते, "रासीनची." पण ते उत्तर अपुरं आहे. परवा पुन्हा विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

कथा एकच. थीसिअस राजाची राणी फेड्रा सावत्र मुलाच्या, हिपॉलिटसच्या प्रेमात पडते. पुढे त्याच्यावरच खोटा आळ येतो, बाप शाप देतो, समुद्रातून अक्राळविक्राळ बैल वर येतो, घोडे उधळतात आणि मुलगा जातो. अथेन्सच्या प्रेक्षकांनी हे इ. स. पू. ४२८ मध्ये पाहिलं, पॅरिसच्या प्रेक्षकांनी १ जानेवारी १६७७ रोजी. घोडे उधळलेले मात्र दोघांनाही दिसले नाहीत. कुणीतरी धावत येऊन सांगतं, आणि ते ऐकायचं असतं.

आणखी एक जागा दोन्हीकडे तशीच आहे, आणि माझा जीव तिथेच अडकतो. फेड्राने अन्नपाणी सोडलंय. डोक्यावरचा साजसुद्धा तिला जड झालाय. दाई खोदून खोदून विचारते आहे. फेड्रा कशीबशी म्हणते, तो... त्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रीचा मुलगा. दाईच्या तोंडून निघून जातं, "हिपॉलिटस?" त्यावर फेड्रा म्हणते, नाव तू घेतलंस, मी नाही.

माझ्या आजीने जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. रेशनकार्डाच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला कोपराने ढोसायची आणि मी सांगायचे. त्यामुळे ही ओळ समजायला मला कुठल्याही टिपेची गरज पडली नाही. नाव ओठांवर आलं की मागे फिरता येत नाही, हे आमच्या घरात रोज दिसत होतं.

इथून पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. ग्रीक रंगभूमीवर फेड्रा कधी एकटी नसते. गावच्या बायकांचा कोरस सतत समोर उभा असतो. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण फेड्रा त्यांच्याकडून गप्प राहण्याची शपथ घेऊन ठेवते. (फेड्राची भूमिका मुखवटा लावून पुरुष करायचा. ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या सिंधूच्या आठवणी निघतात त्यांना याचं नवल वाटायला नको.) हिपॉलिटसशी ती एक शब्दही बोलत नाही. नाटक जेमतेम निम्मं झालेलं असताना ती आत जाऊन गळफास घेते. तिच्या मनगटाला बांधलेली पाटी थीसिअसला सापडते, आणि पाटीवर लिहिलेलं असतं की हिपॉलिटसने माझ्यावर हात टाकला. ते भयंकर खोटं तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. नंतरचं सगळं नाटक बापलेकांचं आणि शेवटी येणाऱ्या देवीचं.

रासीनने कोरस काढून टाकला आणि ती पाटीही काढून घेतली. त्याच्याकडे आळ घेते ती दाई. प्रस्तावनेत तो कारणही देतो: असला नीचपणा राणीला शोभत नाही, तो दाईलाच साजतो. हे वाचलं की मला दरवेळी राग येतो. राणीला धुऊन काढायचं म्हणून चाकर बाईच्या पदरात पाप टाकलं. ग्रीक फेड्रा अपराधी आहे, पण तिचा अपराध तिचा स्वतःचा आहे.

तरीही मी रासीनची म्हणते ते चौथ्या अंकामुळे. त्याआधी दुसऱ्या अंकात रासीनने फेड्राला हिपॉलिटससमोर उभं केलं, तिच्याच तोंडून सगळं बोलवलं, आणि तो शहारला तेव्हा त्याची तलवार तिच्या हाती दिली. पण खरा घाव पुढे आहे. आळ घेतला गेलाय, शाप दिला गेलाय. फेड्राला राहवत नाही, ती मुलासाठी रदबदली करायला थीसिअसकडे येते. खरं ओठांवर आलेलं असतं. एवढ्यात थीसिअस सहज सांगून जातो: हिपॉलिटस म्हणतो, त्याचं आरिसीवर, शत्रूच्या घरातल्या त्या कैदी राजकन्येवर, प्रेम आहे.

पुन्हा एक नाव, तेही दुसऱ्याच्याच तोंडून. फेड्राचं तोंड मिटतं ते मिटतंच, आणि मुलगा मरायला मोकळा होतो. आरिसीचं पात्र रासीनने उगाच घुसडलं, निव्वळ प्रेमप्रकरणासाठी, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. आरिसी नसती तर हा क्षणच नसता. ग्रीक फेड्रा अब्रूच्या भीतीने मारते. ही वाचवायला आलेली असते आणि मत्सराने गप्प बसते.

मग ती दाईपाशी बोलते. या दोघांनी एकमेकांना उजळ माथ्याने पाहिलं, त्यांच्यासाठी रोजचा दिवस स्वच्छ, निवांत उगवत होता, आणि मी उजेडापासून तोंड लपवत फिरत होते. हे सांगणारी बाई सूर्याची नात आहे. पहिल्या अंकात प्रवेश केल्या केल्या ती आजोबांना, त्या सूर्यालाच, शेवटचं पाहून घ्यायला आलेली असते. पाचव्या अंकात विष घेऊन ती पुन्हा येते, नवऱ्यासमोर सगळं कबूल करते आणि रंगमंचावरच मरते. शेवटच्या ओळीत ती म्हणते, माझ्या डोळ्यांनी विटाळलेल्या दिवसाला मृत्यू त्याची शुद्धता परत देतो आहे.

ती ओळ मी वर्गात फ्रेंचमध्येच वाचते, आणि नंतर थोडा वेळ काही बोलत नाही.