उतरण्याचा सराव

रविवार, रात्री साडेनऊ

दोन्ही पोटऱ्या आखडल्या आहेत, उजव्या खांद्यावर सायकलच्या आडव्या दांडीचा वळ उठला आहे आणि डोक्यावरून दोनदा पाणी घेऊनही कानामागची माती पुरती निघालेली नाही. तरीही आजचे आजच लिहून ठेवते, कारण उद्या ऑफिसात कोणी विचारले तर मी "मजा आली" एवढे सांगून मोकळी होईन आणि ते अर्धेच खरे असेल.

सायक्लोक्रॉस शर्यतीत मी आज पहिल्यांदा उतरले, आणि हे क्रियापद मला आज दोन्ही अर्थांनी पुरले. गेली सहा वर्षे मी डांबरी रस्त्यावर सायकल चालवते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनदा पूर्ण केली आहे आणि नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर आजवर एकदाही पाय टेकलेला नाही, याचा मला थोडा जास्तच अभिमान होता. रस्त्यावर चालवणाऱ्यांच्या जगात चढावर सायकलवरून उतरणे म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणे. सायक्लोक्रॉसमध्ये मात्र उतरावेच लागते. शेत, गवत, चिखल आणि चढउतार यांतून आखलेला अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा असतो, वाटेत जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या असतात आणि जिथे चालवणे परवडत नाही तिथे सायकल खांद्यावर टाकून पळायचे असते. शर्यत अंतराची नसून वेळेची असते. आघाडीच्या स्वारांचे सुरुवातीचे फेरे किती वेळात होतात ते पाहून एकूण फेरे ठरवतात. हा प्रकार फ्रान्समध्ये रुजला, तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली आणि १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हा ती जिंकली जाँ रोबिकने, ज्याने १९४७ साली टूर द फ्रान्सही जिंकली होती. रस्त्यावरचा एवढा मोठा स्वार जर खाली उतरून चिखलातून पळाला असेल, तर माझ्या अभिमानाची ती काय कथा, असे स्वतःला समजावत मी नाव नोंदवले होते.

सरावासाठी महिनाभर पहाटे घराजवळच्या मैदानावर विटांवर पाट ठेवून, टेपने ४० सेंटिमीटर मोजून, दोन अडथळे उभारत होते. चालत्या सायकलवर उजवा पाय मागून डावीकडे आणायचा, उजव्या हाताने आडवी दांडी धरायची, डावा पाय पेडलवरून सोडत जमिनीवर पळतच उतरायचे, फळ्या ओलांडायच्या आणि पुन्हा मांडीच्या आतल्या बाजूवर सीट घेत चढायचे. लिहिताना हे एका वाक्यात बसते. अंगात बसायला तीन आठवडे आणि दोन्ही नडग्यांवरचे निळे डाग लागले. रोज फिरायला येणारे एक आजोबा शेवटी न राहवून म्हणाले, "काऊन वो ताई, सायकल बसाले आनली का उचलाले?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

शर्यत हिंगण्याच्या पलीकडे, पऱ्हाटी उपटलेल्या एका मोठ्या वावरात आणि त्याच्या कडेच्या मुरमाड टेकाडावर होती. शुक्रवारी रात्री अवकाळी पाऊस झाला. काल दिवसभर ऊन होते म्हणून बहुतेकांनी निश्चिंत होऊन तयारी केली, पण आमच्या काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत आहे तो एका दिवसाच्या उन्हावर भरवसा ठेवणार नाही. पाऊस पडत असताना हा चिखल पातळ असतो, चाकावर चढतो आणि गळूनही जातो. पूर्ण वाळल्यावर तो दगडासारखा कडक होतो. या दोहोंच्या मधली अवस्था सगळ्यात वाईट, कारण तेव्हा माती जिथे टेकेल तिथे चिकटते आणि चिकटलेल्या मातीवर आणखी माती चढत जाते.

सुरुवातीच्या रेषेमागे जो तो दुसऱ्याच्या टायरवर अंगठा दाबून पाहत होता. मी सवयीने हवा ६० पीएसआय भरून आणली होती. शेजारच्या एका मुलीने माझ्या टायरला हात लावला आणि काही न बोलता वॉल्व्हकडे बोट दाखवले. मी ३२ पर्यंत हवा सोडली. याहून कमी करायचे धाडस झाले नाही, कारण माझ्या टायरमध्ये ट्यूब आहे आणि हवा फार कमी असली की मुरमातल्या दगडावर ती रिमखाली चेपून फुटते.

महिला आणि चाळिशीपुढचे पुरुष यांना एकत्र सोडले. शिटी वाजली आणि सव्वाशे जण पहिल्या वळणाकडे असे धावले, की तिथे सीताबर्डीच्या दिवाळीतल्या गर्दीसारखी कोंडी झाली. मी शेवटच्या रांगेत असल्याने तिथे चक्क उभी राहिले. फळ्यांपाशी सगळे ठीक झाले. पुढे टेकाडाचा चढ आला आणि माझ्यातली रस्त्यावरची बाई जागी झाली. मी उतरले नाही. दात ओठ खाऊन, सगळ्यात हलका गिअर टाकून पेडल मारत राहिले; मागचे चाक जागच्या जागी फिरले, मग फिरायचेही थांबले आणि मी सायकलसकट डावीकडे आडवी झाले. मागून येणाऱ्यांपैकी दोघे माझ्यामुळे थांबले. त्यातला एक जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

उठून पाहिले तर फोर्क आणि टायर यांच्यामधली बोटभर जागा मातीने गच्च भरली होती. त्या मातीत कपाशीची वाळकी बोंडे आणि पात्या अशा काही रुतल्या होत्या की बोटांनी ओढून निघेनात. शेवटी कडेला पडलेली एक पऱ्हाटीची काडी घेतली आणि लहानपणी बाबांना वखराच्या पासेची माती काढताना पाहिले होते तशी ती खरवडून काढली. यात दीड-दोन मिनिटे गेली असतील. तेवढ्यात एक सडपातळ गृहस्थ माझ्या बाजूने गेले. पुढच्या फळ्यांवरून ते न उतरता सायकलसह उडी मारून पलीकडे गेले. बेल्जियमच्या डॅनी द बीने १९८९ साली अशाच उड्या मारत जागतिक विजेतेपद मिळवले होते, हे मी वाचले होते. आमच्या वावरात ते डोळ्यांनी पाहीन असे वाटले नव्हते.

दुसऱ्या फेऱ्यात माझ्यापुढे हिरव्या जर्सीतली एक बाई होती. सपाटीवर ती माझ्याहून नक्कीच हळू होती, पण प्रत्येक चढाच्या आठ-दहा पावले आधीच, सायकलला अजून वेग असताना, ती उतरायची आणि त्याच वेगात सायकल खांद्यावर घेऊन वर पोचायची. मी वेग संपल्यावर उतरत होते, म्हणजे थांबून, आणि थांबलेल्या माणसाला चिखलात पुन्हा पळायला लागणे फार जड जाते. शिवाय तिचे चाक मातीला लागतच नव्हते, त्यामुळे ते भरतही नव्हते. ही गोष्ट इतकी उघड होती की ती कळायला मला दीड फेरा लागला याचाच राग आला. तिसऱ्या फेऱ्यात मी बाभळीच्या झाडाची खूण धरली आणि तिथेच उतरू लागले. चौथ्या फेऱ्यात बाभूळ कधी आली ते पाहिल्याचे आठवत नाही; पाय आधीच खाली आले होते. हिरव्या जर्सीला मात्र शेवटपर्यंत गाठता आले नाही.

विजेतीचे सहा फेरे झाले, माझे चार. नियमाने आंतरराष्ट्रीय शर्यतीत मला केव्हाच बाहेर काढले असते. इथे फेऱ्याने मागे पडलेल्यांनाही शेवटपर्यंत राहू देत होते, त्याबद्दल मी आभारी आहे.

संध्याकाळी काटोलहून बाबांचा फोन आला. मी मातीचे सगळे वर्णन उत्साहाने केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वाफसा आला नव्हता तं वावरात शिरली काऊन?" चाळीस वर्षे त्या मातीत काढलेल्या माणसाला यावर काय सांगणार! सायकल मोरीजवळ टेकवून ठेवली आहे, चेन वाळली असेल. तेल सोडून झोपते.