घोळणा फुटला, आई

रविवार, रात्र

आज इस्त्री करता करता लूव्हिन ब्रदर्स या अमेरिकन कंट्री गायक भावांच्या जोडीचा १९५६ सालचा 'ट्रॅजिक साँग्ज ऑफ लाइफ' लावला. अल्बमच्या नावातच सगळं सांगून टाकलंय, त्यामुळे नंतर तक्रार करायची सोय नाही. 'नॉक्सव्हिल गर्ल' सुरू झालं आणि इस्त्री उभी करून बाजूला ठेवली, नाहीतर शर्ट गेलाच असता.

गाणं असं आहे. एक तरुण आपल्या प्रेयसीला संध्याकाळी फिरायला नेतो. गावापासून जरा लांब गेल्यावर खाली पडलेली काठी उचलतो आणि तिला मारायला लागतो. ती गुडघ्यांवर बसून गयावया करते, तरी हा थांबत नाही. शेवटी केसांना धरून फरपटत नेतो आणि टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलच्या नदीत टाकतो. का, ते कुठेच नाही. भांडण नाही, संशय नाही, पैशाची भानगड नाही. मध्यरात्री घरी येतो. आई दचकून उठते, विचारते, कपड्यांना रक्त कसलं रे? हा म्हणतो, घोळणा फुटला.

मला त्या काठीपेक्षा या घोळण्याची भीती वाटते. किती साधी, रोजची थाप! आणि ती टेनेसीतली नाहीच. हे गाणं मूळचं इंग्लंडचं. तिकडे सुट्या कागदांवर छापून रस्त्यावर विकली जायची तसली खुनाची गाणी. त्यात गिरणीवाल्याकडचा उमेदवार पोरगा असाच खून करतो आणि विचारलं की हेच सांगतो. गाणं समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या डोंगरात आलं, गावाचं नाव बदललं, नदी बदलली, कडवी गळाली, पण रक्ताची सबब तेवढी शाबूत राहिली.

आणि हे सगळं वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या, संथ ठेक्यावर, जणू कुणी पाळणा हलवतंय. आयरा वरच्या पट्टीत, चार्ली खाली, दोन सख्ख्या भावांचे आवाज इतके मिसळलेले की कुठला कुणाचा ते कळत नाही. हेच दोघं चर्चची गाणी गायचे, आणि खुनाचं गातानाही आवाजात फरक पडत नाही. कुठे घोगरा सूर नाही, कुठे दम खाणं नाही. नाट्य केलं असतं तर मी निवांत इस्त्री केली असती.

सोमवार

काल झोपताना कंट्री गायक जॉनी कॅशचं 'डिलियाज गॉन' ऐकायला नको होतं.

डिलिया ग्रीन खरी होती. जॉर्जियातल्या सव्हाना शहरातली चौदा वर्षांची काळी मुलगी. १९०० च्या नाताळच्या आदल्या रात्री मोझेस ह्यूस्टन नावाच्या, जवळपास तिच्याच वयाच्या पोरानं भांडणातून तिच्यावर गोळी झाडली. त्याला जन्मठेप झाली, पण बारा-तेरा वर्षांत तो पॅरोलवर सुटला. तिच्यावरचं गाणं मात्र या तोंडातून त्या तोंडात फिरत राहिलं. कॅशनं ते १९६२ मध्ये केलं आणि १९९४ मध्ये, म्हातारपणी, नुसत्या गिटारवर पुन्हा केलं. या शेवटच्या रूपात खुनी तिला खुर्चीला बांधतो, हातात मशीनगन असते आणि वर ऐकवतो की पोरगीच वाईट चालीची होती. चौदा वर्षांची! गाण्याला हे वय ठाऊकच नाही, असं ऐकताना वाटतं. आवाज काळजात उतरतो हे खरं, पण माझं डोकंही तापतं. या गाण्यांत मारणाराच बोलतो. मेलेलीला तिची बाजू मांडायला एक ओळसुद्धा मिळत नाही.

कॅशवरून आठवलं. त्याच्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' या गाण्याच्या, फॉल्सम तुरुंगातच कैद्यांसमोर केलेल्या १९६८ च्या ध्वनिमुद्रणात, रीनो शहरात एक माणूस फक्त मरताना बघायला मारला, या ओळीवर कैदी जल्लोष करतात असं ऐकू येतं. तो जल्लोष मागाहून जोडलेला आहे. प्रत्यक्षात कैदी त्या ओळीला गप्प होते. भोवती पहारेकरी असताना कोण टाळ्या पिटेल?

बुधवार

आज दिवसभर 'लाँग ब्लॅक व्हेइल' डोक्यात. १९५९ सालचं, लेफ्टी फ्रिझेलनं गायलेलं. डॅनी डिल आणि मॅरीजॉन विल्किन यांनी ते असं बेमालूम रचलंय की शंभर वर्षांपूर्वीचं लोकगीत वाटावं.

टाउन हॉलच्या दिव्याखाली खून होतो. पळणारा माणूस गाण्यातल्या नायकासारखा दिसत होता, यावर बघणाऱ्यांचं एकमत. न्यायाधीश विचारतात, त्या वेळी तू होतास कुठे? सांगितलं तर सुटेल. पण तो होता जिवलग मित्राच्या बायकोच्या मिठीत. तोंडातून ब्र काढत नाही आणि फासावर जातो. हे तोच सांगतोय, थडग्यातून. आणि फाशीच्या वेळी ती गर्दीत उभी असते, डोळ्यांत टिपूस नाही. मग रात्री वारं सुटलं की काळा बुरखा घेऊन थडग्यापाशी येते.

सगळे त्याच्या त्यागाबद्दल बोलतात. मला प्रश्न पडतो तो तिचा. जीव वाचवणारं वाक्य तिच्याकडेही होतं. तिनं ते का उच्चारलं नाही? नवऱ्याची भीती, गावाची भीती, की यानंच डोळ्यांनी दटावलं? ती बोलली असती तर हा वाचला असता आणि तिचं पुढे काय झालं असतं, ते त्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मला ती भेकड वाटत नाही. फ्रिझेलही कुणाला दोष देत नाही. शब्द जरासे लांबवत, शेजाऱ्याला सांगावं तसं सांगतो.

शुक्रवार

आठवड्यातलं शेवटचं, आणि माझ्या मते या सगळ्यांच्या वरचं. बॉबी जेंट्री, 'ओड टू बिली जो', १९६७. तिला कंट्रीत बसवायचं की आणखी कशात, यावर भांडणारे भांडोत. यात खून नाही, रक्त नाही. मिसिसिपीतलं एक शेतकरी कुटुंब दुपारी जेवायला बसलंय. आई दारातूनच ओरडते, पाय पुसून या, आणि लगेच बातमी देते की बिली जोनं टॅलाहाची पुलावरून उडी घेतली. बाप म्हणतो, त्या पोराला कधी अक्कल नव्हतीच, जरा बिस्किटं सरकव इकडे. अजून पाच एकर नांगरायची राहिलीत. भाऊ एक जुनी बेडकाची खोडी आठवतो आणि ॲपल पाय आणखी मागतो. मग आई मुलीला विचारते, तू का गं काही खात नाहीस, सकाळपासून रांधतेय मी. आणि त्याच दमात सांगते की पाद्रीबाबा आले होते, त्यांनी तुझ्यासारखीच एक मुलगी बिली जोबरोबर पुलावरून काहीतरी खाली टाकताना पाहिली.

मुलगी उत्तर देत नाही. सगळं गाणं तिच्याच तोंडून येतं, पण त्या जेवणात ती हूं की चूं करत नाही. इथे पहिल्यांदा मारणारा किंवा मेलेला नाही, तर मागे राहिलेली बोलते, आणि तीही फक्त आपल्याला सांगते.

लोक इतकी वर्षं एकच विचारत आलेत, पुलावरून टाकलं काय? अंगठी, फुलं, मूल? जेंट्रीनं स्वतः सांगितलं होतं की गाणं त्याबद्दल नाहीच, त्या घरातल्या नकळत निष्ठुरपणाबद्दल आहे. तरी विचारणं थांबलं नाही. मला तर आईचंच नवल वाटतं. पोरगी जेवत नाही हे तिला दिसलं, पाद्र्याचं बोलणं तिनेच सांगितलं, आणि दोन्हींची सांगड काही घातली नाही. की घातली, आणि म्हणूनच विषय तिथेच सोडला? मला ही दुसरी शक्यताच खरी वाटते.