इंजिन खोक्यात पडून, वॉरंटी मात्र चालू

जेट स्कीचं (पाण्यावरच्या स्कूटरचं) इंजिन बदलायची वेळ आली की सगळे आधी किंमत बघतात, मग नवं घ्यायचं की रिबिल्ट, म्हणजे जुनंच खोलून नव्याने बांधलेलं, यावर डोकं खातात, आणि वॉरंटीचं विचारलं तर "एक वर्ष आहे ना, बास झालं". ते एक वर्ष मोजायचं कधीपासून हे विचारणारा क्वचितच भेटतो आणि सगळी गोम तिथेच आहे.

रोज चालणाऱ्या गाडीचं इंजिन बदललं तर बिलाची तारीख आणि बसवल्याची तारीख यात फार तर आठवडाभराचा फरक, त्यावरून कोण भांडणार. पण जे वाहन वर्षातले चारच महिने पाण्यात उतरतं त्याचं गणितच वेगळं. सीझन संपताना इंजिन सीज, म्हणजे आतून जाम होतं, मग निवांत शोधाशोध करून ऑफ सीझनला रिबिल्ट मागवायचं कारण तेव्हा मेकॅनिक मोकळा असतो आणि भावही जरा बरा मिळतो, आणि ते येऊन पडतं खोक्यात. विक्रेत्याच्या कागदावर मात्र घड्याळ बिलाच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. काही ठिकाणी माल पाठवल्याची तारीख धरतात, काही ठिकाणी रजिस्ट्रेशन केल्याची, आणि बसवल्याची तारीख धरणारे त्यातले थोडे.

आता जरा हिशोब करून बघा. १२ महिन्यांची वॉरंटी असेल तर कधीही घ्या, त्यात चार महिन्यांचा एकच सीझन बसतो, आधीचा अर्धा नि पुढचा अर्धा घ्या नाहीतर एक अख्खा घ्या. म्हणजे १२ महिन्यांवाल्याला तारखेचा फटका वाटतो तेवढा बसत नाही, फक्त सीझनच्या तोंडावर मेकॅनिककडे रांग लागली आणि बसवायला महिना गेला तर तो महिना गेलाच. खरी वाट लागते ६ महिन्यांच्या वॉरंटीत. सीझन संपल्यावर लगेच घेतलं तर पाण्याचा थेंब लागायच्या आधीच वॉरंटी संपली, आणि तेच इंजिन सीझनच्या सुरुवातीला घेतलं असतं तर अख्खा सीझन कव्हर. ऑफ सीझनचा डिस्काउंट कशाच्या बदल्यात मिळतो ते इथे कळतं.

शिवाय दोन घड्याळं अजून चालू असतात ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. एक म्हणजे जुनं इंजिन, ज्याला कोअर म्हणतात, ते विक्रेत्याला परत पाठवायची मुदत, ती चुकली की त्यासाठी भरलेलं डिपॉझिट बुडालं. दुसरी, माल फुटका किंवा चुकीचा आला तर कळवायची मुदत, ती तर काही दिवसांचीच असते. त्यामुळे खोकं आल्या दिवशी उघडा, चारी बाजूंनी फोटो काढा, सीरियल नंबर बिलाशी ताडून बघा, इंजिन हाताने फिरतंय का बघा.

विक्रेत्याची बाजूही अगदीच खोटी नाही हां. दमट गॅरेजमध्ये उघड्या पोर्टने (हवा-धुराची तोंडं न झाकता) महिनोन्महिने पडलेल्या टू स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो, आणि ते पहिल्याच दिवशी वाजायला लागलं तर दोष कोणाचा हे त्याने कसं ठरवायचं? म्हणून "बसवल्यापासून" असं मोकळं वाक्य तो लिहून देणार नाही. पण मधला रस्ता बऱ्याचदा निघतो. पैसे भरायच्या आधी मेसेज टाका की पहिल्यांदा सुरू केल्यापासून १२ महिने, पण बिलापासून १८ महिन्यांच्या पुढे नाही, चालेल का? हो म्हणाला तर ते बिलावर किंवा ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं "करून देऊ हो साहेब" पुढच्या सीझनला काउंटरवर माणूस बदलला की हवेत जातं.

पुरावा सोपा आहे, बसवणाऱ्याचं तारखेसकट बिल आणि अवर मीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा फोटो. फोर स्ट्रोकचा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) तास स्वतःच नोंदवतो, जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू स्ट्रोकला छोटा मीटर मिळतो ज्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलला गुंडाळायची, बाकी काही करायचं नाही. माझं तर मत आहे की असल्या इंजिनांना वॉरंटी तासांवरच पाहिजे, महिने मोजण्यात काही अर्थ नाही, पण ते मोजमाप विक्रेत्यांना नको असतं.

बरं, ६ महिनेवालं इंजिन घेऊनच बसला असाल तर मुदत संपायच्या आत बसवून ट्रेलरवरच थोडा वेळ चालवून घ्या, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, गळती बघा, मोठा दोष असेल तर तिथेच कळतो. फक्त बाहेरून पाणी फिरवून थंड होणारं असेल तर आधी इंजिन सुरू, मग पाइपचं पाणी, आणि बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये घुसतं आणि क्लेम हातचा गेला, कारण पाणी शिरणं वॉरंटीत धरत नाहीत. नंतर आतून गंज धरू नये म्हणून फॉगिंग ऑइल मारून ठेवा. पहिल्या इंजिनाचं वाटोळं करणारा तुंबलेला कार्ब्युरेटर तसाच असेल तर नवंही सीज होणार, आणि तेव्हा तारीख कुठलीही असो, विक्रेता पिस्टनचा फोटो बघून "लीन सीझर", म्हणजे इंधन कमी पडून इंजिन जाम झालं, म्हणून फाइल बंद करतो.

क्लेम मंजूर झाला आणि बदली इंजिन आलं तर वॉरंटी परत शून्यापासून सुरू होत नाही, बहुतेकांकडे पहिल्याचीच उरलेली मुदत चालते. काढण्या-बसवण्याची मजुरी आणि वाहतूक सहसा आपल्याच खिशातून जाते. आणि जेट स्की भाड्याने देणार असाल तर आधीच विचारून घ्या, कारण धंद्याच्या वापराला काहीजण मुदत कमी करतात, काहीजण वॉरंटी देतच नाहीत.