वहीभर पॅराबोला

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकाच्या दुकानात काउंटरला उभं राहून मला चौदा वर्षं झाली, त्याआधी मॅथ्समधे बीएस्सी केलंय म्हणून सीईटीचं, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचं, गिऱ्हाईक आलं की मालक मलाच हाक मारतात. बारावीची बोर्ड संपली की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. ही गोष्ट 2023 च्या मार्चअखेरची आहे.

दुपारी एक मायलेकी आल्या, ओतूरहून. वाकडेवाडीला एसटीतून उतरून तिथून रिक्षा न करता सिटी बसनं आलेल्या. आईच्या हातात यादी, कुठल्याशा क्लासवाल्यानं लिहून दिलेली, फक्त मॅथ्सची सात पुस्तकं! त्यातली दोन तर जेईईच्या, म्हणजे आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेच्या लेव्हलची, जी या पोरीला परीक्षेपर्यंत उरलेल्या सहा आठवड्यात उघडून बघायलाही होणार नव्हती. आई म्हणाली, "दादा, हजाराच्या आत बसवा, यातलं कुठलं घेतलं नाही तर चालंल तेवढं सांगा."

मी पोरीला विचारलं आत्तापर्यंत कशातून केलंस, तर तिनं पिशवीतून एक जाडजूड गाईड आणि दोनशे पानी वही काढली. वही बघून खरंच छान वाटलं. पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला, प्रत्येक गणिताला आकृती, उत्तराभोवती लाल पेनानं चौकट, शेवटी सिक्वेन्स सिरीजची चाळीसेक पानं. मग मी गाईड उलटं करून एडिशन बघितली. 2018.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अकरावीची पुस्तकं 2019 ला बदलली आणि बारावीची 2020 ला, आणि त्याबरोबर सीईटीला अकरावीचे कुठले धडे येणार ती यादीही बदलली. जुन्या यादीत कॉनिक्स, म्हणजे हेच पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला होतं, सिक्वेन्स सिरीज होतं. नव्या यादीत ते नाही, त्याऐवजी कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन कॉम्बिनेशन, लिमिट्स, मेझर्स ऑफ डिस्पर्शन असे धडे आहेत. पोरीला कळलं नाही कारण कॉनिक्स तिच्या अकरावीच्या नव्या पुस्तकातही आहेच की, फक्त सीईटीला नाही. मॅथ्सच्या पेपरात 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, साधारण 20 टक्के अकरावीचं, म्हणजे 10 प्रश्न, 20 मार्क. आणि हिनं त्यातलं निम्मंअधिक उघडलेलंच नाही, दिवाळीपासूनचे सगळे रविवार या वहीत गेलेले.

आणि पहिल्या पानावर शिक्का होता आमच्याच दुकानाचा. सेकंडहॅन्डच्या रॅकमधून दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मामानं नेलेलं. माझ्या पोटात गोळा आला. तो शिक्का मी मारला नसेल, दुसऱ्या कुणी मारला असेल, पण ते रॅक लावतो मीच.

मी मायलेकींना आतल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि जे आहे ते स्पष्ट सांगितलं. पोरगी काही बोलली नाही, नुसती वही मिटून मांडीवर धरून बसली. मग म्हणलं बाळा, दोन गणितं सोडव, घड्याळ नाही लावत मी. पहिलं दिलं शून्य ते पाय बाय टू, साईन एक्स भागिले साईन एक्स अधिक कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. तिनं चार ओळीत प्रॉपर्टी लावून पाय बाय फोर काढून दिलं, मिनिटभरही लागलं नाही, आणि पेपरात तर एका गणिताला साधारण पावणेदोन मिनिटं मिळतात, 50 प्रश्न 90 मिनिटांत. म्हणजे बारावीचं पक्कं होतं. दुसरं दिलं, एक वजा कॉस एक्स भागिले एक्सचा वर्ग, एक्स शून्याकडे जाताना. तिथं अडली. "काका, अकरावीत झालं होतं हे, आता आठवतच नाही."

मग मी नव्या एडिशनची दोन गाईडं समोर उघडली, दोन्ही लिमिट्सच्या धड्यावर. एकात साडेतीनशे प्रश्न आणि मागं नुसती उत्तरं, ए बी सी डी. दुसऱ्यात प्रश्न कमी, पण त्याच गणिताखाली लिहिलेलं की एक वजा कॉस एक्स म्हणजे दोन साईन स्क्वेअर एक्स बाय टू, आणि पुढची प्रत्येक ओळ. ती ओठ हलवत वाचत गेली, उत्तर एक छेद दोन. मग मी पान झाकून कॉस एक्सच्या जागी कॉस टू एक्स करायला सांगितलं तर तिनं लगेच सांगितलं, "दोन." मी म्हणलं हेच घे, जाड दिसतं म्हणून ते पहिलं घेऊ नको. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या उत्तरांचं गाईड ज्याला सगळं येतं त्याच्या कामाचं, जो अडतो त्याला पुढची ओळ दिसली पाहिजे.

दुसरं पुस्तक दिलं मागच्या वर्षांच्या पेपरांचं, धड्यानुसार लावलेलं, 2021 पासूनचे पेपर असलेलं. यादीतली बाकी पाच खोडली. एका कागदावर नवे धडे लिहून दिले, आधी लिमिट्स, मग परम्युटेशन, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडायचा नाही.

मालकांना शिक्का दाखवला. त्यांनी जुनं गाईड परत घेतलं आणि मामानं दिलेली पूर्ण रक्कम बिलातून वजा केली, एक शब्द न बोलता. आई पदरानं डोळे पुसत होती, पोरगी मात्र तोवर नव्या गाईडात पुढचं गणित बघत होती.

रात्री शटर अर्धं ओढून मी आणि पोऱ्यानं सेकंडहॅन्डचं सगळं रॅक खाली काढलं, एकेक एडिशन बघितली. जुन्या सिलॅबसच्या बावीस प्रती निघाल्या. कुणी स्वस्त म्हणून उचलू नये म्हणून पहिली पानं फाडली आणि मगच रद्दीत घातल्या.