डोक्याला पटलेलं शरीराला पटेपर्यंत

पॅनिक अटॅकबद्दल जे समजून घ्यायला हवं, ते मला थेरपीच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच समजलं होतं. छातीत धडधडलं की ‘हा हार्ट अटॅकच’ असं वाटतं, त्याने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. हे चक्र मी कागदावर काढून दाखवू शकत होते. ईसीजी, थायरॉइड, सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या. तरी लिफ्टचं दार बंद झालं की हातांना मुंग्या यायच्याच. डोक्याला पटलेलं सगळं शरीराच्या गावीही नव्हतं.

माझ्या थेरपिस्ट सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) पद्धतीने काम करतात. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत. मनात आलेला विचार लिहून काढायचा, त्याला पुरावा मागायचा आणि ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं. वहीतलं काम मला छान जमायचं, पण ऐन अटॅकमध्ये वहीतला एक शब्द आठवत नसे. मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही. “शरीर एवढं पेटलेलं असताना युक्तिवाद कोणालाच सुचत नाही. आधी शरीराला जरा शांत करायला शिका,” असं म्हणून त्यांनीच योगवर्ग सुचवला.

आसनांचा त्रास झाला नाही. अवघड गेलं ते शवासन. सगळे निवांत पडलेले आणि मला मात्र कानात स्वतःचे ठोके ऐकू येतायत, घसा आवळतोय, उठून पळावंसं वाटतंय. सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, “डोळे उघडे ठेवा, कुशीवर वळा, तळहात जमिनीला टेकवा. हवं तेव्हा उठून बसा, विचारायची गरज नाही.” ती मोकळीक मिळाली म्हणूनच मी वर्गात टिकले.

पुढच्या सेशनमध्ये हे सांगितलं तेव्हा मॅडमनी कळीची गोष्ट समजावली. पॅनिकच्या माणसाचं लक्ष आधीच शरीरातल्या बारीकसारीक हालचालींवर खिळलेलं असतं. बाहेर शांतता झाली की तेच आवाज मोठे होतात. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी अस्वस्थता वाढणं हे अनेकांच्या बाबतीत घडतं. मग शवासनच माझा गृहपाठ झालं. पडल्या पडल्या जो विचार येईल, तो वर्ग संपल्यावर वहीत उतरवायचा. ‘आता माझी शुद्ध जाणार’ हे वाक्य तिथेच सापडलं. इतके दिवस खुर्चीत बसून बोलताना ते कधी हाती लागलं नव्हतं.

श्वासाच्या प्रकारांत मला सगळ्यात जवळची वाटली भ्रामरी. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. भ्रामरीत गुंजारव करायचा म्हणजे उच्छ्वास आपोआप लांबतो. शिवाय आवाज थरथरला की आपण किती ताणलेलो आहोत हे लगेच कानावर येतं. भस्त्रिका मात्र सरांनी मला करू दिली नाही. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. गरगरतं, मुंग्या येतात. म्हणजे हुबेहूब अटॅकची लक्षणं.

गंमत अशी की काही काळाने मॅडमनी नेमकं हेच त्यांच्यासमोर बसवून करून घेतलं. मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा, गरगरू द्यायचं आणि काहीही न करता ते ओसरताना पाहायचं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. बोटांत मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि मग सगळं आपसूक उतरलं. शुद्ध गेली नाही. वहीतल्या त्या वाक्याविरुद्ध मला मिळालेला हा पहिला खरा पुरावा. तयारी नसताना, जाणकार माणूस समोर नसताना हा प्रयोग कुणी करू नये, हे मी कळकळीने सांगते.

थेरपी आणि योग या दोन्ही गोष्टी जोडताना एक खाचही कळली. लिफ्टमध्ये शिरण्याआधी मी लांब श्वास सोडायला लागले, आणि हळूहळू तो केल्याशिवाय पाऊलच उचलेना. मॅडमनी ते चटकन ओळखलं. श्वास ही कुबडी झाली तर मन असंच शिकतं की ‘श्वासामुळे वाचले, नाहीतर काही खरं नव्हतं’. म्हणून ठरलं: प्राणायाम रोज ठरल्या वेळी करायचा, लिफ्टमध्ये भीती वाटली तर वाटू द्यायची. ही सूचना योगवर्गात मला कुणी दिली नसती, आणि शवासनातलं ते वाक्य नुसत्या थेरपीत सापडलं नसतं.

औषध या सगळ्यात चालूच होतं. बरं वाटायला लागल्यावर ‘आता योग आहे ना, गोळ्या सोड’ असं सांगणारे भेटले. मी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडली नाही. आता त्यांनीच डोस टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतलाय. डोस बदलला की मी सरांनाही सांगते, म्हणजे त्या आठवड्यात ते मला वेगाच्या हालचाली देत नाहीत. अटॅक अधूनमधून येतो. लिफ्ट मात्र मी रोज वापरते.