सिरॅमिक राहू दे, आधी पाणी काढ

कर्वेनगरला आमचं सायकलचं दुकान आहे. मुळात अण्णांचं म्हणजे वडिलांचं, त्यांच्या काळात काळ्या रोडस्टर यायच्या ओव्हरऑइलिंगला, आता गियरवाल्या येतात आणि अण्णा दारात स्टुलावर बसून पेपर वाचतात. मधूनच मान वर करून काहीतरी बोलतात. बहुतेक वेळा बरोबरच असतं, पण ते त्या वेळी कबूल करायला जिवावर येतं.

तर जुलैमधला शनिवार. रात्रभर पाऊस पडून सकाळी जरा उघडलेलं. दहा वाजता एक आयटीवाले गिऱ्हाईक आले, अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल एमटीबी, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, घेऊन, बाइक धुतलेली एकदम चकाचक. हातात एक छोटा डबा. म्हणाले, "दादा, पायडल मारलं की कटकट आवाज येतो, दोन महिन्यांपूर्वीच बीबी बदललाय तरी, म्हणून आता सिरॅमिक मागवलाय, हा टाकून द्या, उद्या पहाटे पानशेतला निघायचंय." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल फ्रेममध्ये ज्या बेअरिंगांवर फिरतो तो भाग. डब्यातला माल साडेनऊ हजारांचा. आमच्याकडे साधा स्टीलच्या बेअरिंगचा बीबी दीड-दोन हजारात बसतो.

मी कोणी "बीबी वाजतोय" म्हटलं की लगेच पान्हा घेत नाही. सायकलच्या फ्रेमचा स्वभावच असा की आवाज होतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडे. सीटपोस्ट कोरडा पडलेला असतो, चेनरिंगचा म्हणजे पुढच्या दातेरी चकतीचा एखादा बोल्ट ढिला असतो, पायडलच्या आट्यांना ग्रीस नसतं, सगळे आवाज खालून येतात आणि शिव्या बीबीला बसतात. म्हणून आधी पायडल काढून आटे पुसून ग्रीस लावून परत बसवले, चेनरिंगचे बोल्ट बघितले, मग गल्लीत सीटवरून उठून उभ्याने चालवून बघितली. तरी कटकट. मग चेन चेनरिंगवरून खाली उतरवली, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने फिरवला आणि दुसरा हात सीट ट्यूबवर, सीटखालच्या उभ्या नळीवर, ठेवला. पिठाच्या गिरणीला हात लावल्यासारखं लागलं. क्रँक धरून आडवा हलवला तर चक्क खटखट. म्हणजे यावेळी बीबीच. दोन महिन्यांत!

डाव्या क्रँकचे दोन बोल्ट ढिले केले, टोपी काढली, मधली छोटी सेफ्टी पट्टी उचलली, क्रँक निघाला. मग रबरी हातोडीने एक्सलला दोन हलके टोले दिले आणि उजवा क्रँक एक्सलसकट बाहेर आला, त्याच्यामागोमाग भळ्ळकन पाणी. चहाच्या रंगाचं, गंजाचं, वासाचं पाणी माझ्या चपलेवर. अर्धा कटिंगचा ग्लास तरी असेल. साहेब दोन पावलं मागे सरकले. "हे कुठून आलं?" म्हणाले. मलाही तेच विचारायचं होतं.

आत बोट घालून बघतो तर बीबीचे दोन कप, म्हणजे दोन्ही बाजूंनी फ्रेममध्ये आट्यांवर बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची नळी असते ती नाहीच. ही नळी दिसायला फालतू वाटते पण तिला दोन्ही टोकांना ओ-रिंग असतात आणि फ्रेमच्या आतलं पाणी, माती, गंज बेअरिंगच्या आतल्या अंगाला लागू नये म्हणूनच ती दिलेली असते. आधी ज्याने कोणी बीबी बदलला त्याने ती घातलीच नव्हती, वजन वाचवलं की विसरला देव जाणे. बाहेरून सील चांगलं असून उपयोग काय, घर मागच्या दाराने भरत होतं.

मग मी साहेबांना जरा समजावत बसलो. हे सिरॅमिक म्हणतात त्यात सिरॅमिकचे असतात ते फक्त छर्रे, सिलिकॉन नायट्राइडचे. ते ज्या रेसवर म्हणजे कड्यांवर फिरतात त्या बहुतेक मालात स्टीलच्याच असतात आणि स्टील पाण्यात बसलं की गंजणारच, मग छर्रा सोन्याचा का असेना. शिवाय सिरॅमिकचा फायदा दिसतो तो प्रचंड वेगात फिरणाऱ्या मशीनमध्ये. आपला बीबी मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारतो, घाटात तर साठ. तिथे जो काही फरक पडत असेल तो टायरमधली हवा नीट ठेवली तरी भरून निघेल. माझं मत आहे, पटलंच पाहिजे असं नाही. साहेबांना निम्मं पटलं, कारण डबा त्यांनी हातातून खाली ठेवला नाही.

हे सगळं काउंटरवर चाललेलं आणि मागे भाचा, जो दोन महिन्यांपासून दुकानात शिकतोय, त्याने उत्साहात कप काढायला घेतलेला. उजवा कप. मी वळून बघितलं तर गडी पान्ह्यावर जवळजवळ उभा आणि कपातून कर्रकन आवाज. "मामा, निघतच नाहीये!" निघणार कसा, तो घट्ट करत होता. शेवटी पान्हा घसरला आणि कपाच्या सोळा खाचांपैकी तीन सपाट.

नवीन पोरांची यात चूक नाही, इथेच सगळे फसतात. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक आटेवाल्या फ्रेमला उजव्या बाजूला उलटे आटे असतात, डावीकडे सुलटे. कारण असं, एक्सल एका दिशेने फिरतो तेव्हा मधले छर्रे कपाला हळूहळू विरुद्ध दिशेने सरकवत नेतात, अगदी केसभर केसभर, पण हजारो फेऱ्यांत कप सुटून बाहेर येऊ शकतो. म्हणून आटे असे पाडतात की ती सरक कपाला घट्टच करेल. इटालियन पद्धतीच्या फ्रेमला दोन्हीकडे सुलटे आटे असतात आणि त्यांचा उजवा कप ढिला होतो ही जुनी तक्रार आहे. पोराला मी एकच खूण सांगितली. पान्ह्याचा दांडा वर उभा धर, पुढच्या चाकाकडे ढकलला की सुटतो, मागच्या चाकाकडे ओढला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. घड्याळ-बिड्याळ आठवत बसायचं नाही.

पण आता सांगून काय फायदा, कप आधीच कोरड्या आट्यात सडून धरलेला, त्यात भाच्याने अजून आवळलेला, खाचा गेलेल्या. डावा कप सरळ निघाला, उजवा हलेना. गंज सोडवायचं तेल मारून तासभर ठेवलं, चहा झाला, दोन पंक्चर काढून झाली. मग जाडा आटेवाला रॉड शेलमधून, म्हणजे फ्रेमच्या ज्या आडव्या भोकात बीबी बसतो त्यातून, आरपार घातला, दोन्ही टोकांना मोठे वॉशर लावून नटने पान्ह्याची रिंग कपावर दाबून बसवली म्हणजे घसरायलाच जागा नको. आणि मग पान्हा फिरवायच्या ऐवजी पान्हाच व्हाइसमध्ये धरला आणि अख्खी फ्रेम फिरवली. चाकं काढलेली, मी हँडलकडे, भाचा मागे. फ्रेमसारखा लांब दांडा दुसरा कुठला मिळणार! पण यात दिशा परत उलटी होते, पान्हा स्थिर आणि फ्रेम फिरते, त्यामुळे मी आधी कागदावर बाण काढला, मग हात लावला. तीस वर्षं हे काम करतोय, लाज कसली. एक टाळी वाजल्यासारखा आवाज आला आणि सुटला. साहेब एवढा वेळ डोळे मिटून उभे होते, त्यांना वाटलं फ्रेम तुटली.

आटे सुदैवाने शाबूत होते. नुसता गंजाचा आणि मातीचा थर, तो ब्रशने काढला आणि मग दोन्ही बाजूंनी टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ केले, उजवीकडे उलटा टॅप, डावीकडे सुलटा. जुन्या बेअरिंगचं सील टाचणीने उचकटून बघितलं तर आतल्या अंगाला ग्रीस नाहीच, लाल चिखल, आणि बाहेरच्या अंगाला ग्रीस अजून पांढरं. यावरून कळतं पाणी कुठून आलं ते.

कुठल्या बाजूने ते कळलं, पण फ्रेममध्ये शिरलं कुठून हे माझ्या डोक्यात येईना. तेव्हा अण्णांनी पेपर खाली ठेवला. "सीटची फट बघ कुठे तोंड करून आहे." सीट ट्यूबला वर क्लॅम्पखाली उभी चीर असते ती या फ्रेमला मागे तोंड करून, म्हणजे मागचं चाक पावसात जो फवारा उडवतं तो थेट तिच्यात. वर साहेब वेताळ टेकडीवरून चिखल करून आले की दर रविवारी टू-व्हीलर धुवायच्या सेंटरला प्रेशर गन मारून घेतात, त्यामुळेच तर बाइक चकाचक. सगळं पाणी सीट ट्यूबमधून सरळ खाली, आणि बीबी हा फ्रेमचा तळ.

"मग खालून निघून का जात नाही?" अण्णा उठले, फ्रेम उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि शेलच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवला. तिथे कंपनीने पाणी निघायला बारीक भोक दिलेलं होतं. आणि त्याच्यावर पारदर्शक पीपीएफ फिल्म, व्यवस्थित, एक बुडबुडा नाही. दगड लागून पेंट उडू नये म्हणून साहेबांनीच घरी बसून चिकटवलेली. साहेब काहीच बोलले नाहीत, नखाने फिल्म सोलायला लागले. भोकाच्या आत मातीचा बूच बसलेला तो भाच्याने सायकलच्या स्पोकने काढला.

फ्रेम तासभर उलटी टांगून ठेवली, पंखा लावला. साहेब तोपर्यंत विचार करत होते आणि शेवटी म्हणाले साधाच टाका. आट्यांना भरपूर ग्रीस, 73 मिलीमीटर रुंदीची शेल होती म्हणून उजव्या बाजूला अडीच मिलीमीटरची एक चकती, मध्ये ती नळी ओ-रिंगांसकट, आणि कप टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, 40 न्यूटन मीटरला. डाव्या क्रँकची टोपी फक्त बोटांनी आवळायची, तिथे जोर लावला की नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून दाबून मरतं, हे मी भाच्याला तीनदा म्हणायला लावलं. मग ते दोन बोल्ट आलटून पालटून 12 ते 14 च्या मध्ये. चेन न लावता क्रँक फिरवला, सीट ट्यूबला हात लावला, काही नाही. गप्प. सीटच्या क्लॅम्पखालच्या चिरेवर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चढवून दिला, दिसायला गावठी पण पाणी अडवतो.

साहेब संध्याकाळी सात वाजता गेले. बिल लिहिताना अण्णांनी मागून डोकावून बघितलं.

"भोक मोकळं केल्याचे किती लावलेस?"

"त्याचे काय लावायचे अण्णा."

"खरं काम तेवढंच होतं," म्हणाले, आणि शटर ओढायला गेले.